देवधानाच्या गाठी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी पाखरांचे जीव वाचवले, असं मला सहा दिवस वाटत होतं. सातव्या दिवशी मावशीनं फोटो पाहिला.

माझं घर कामठ्याचं, धानाच्या शेतीचं. कॉलेजसाठी मात्र मी अर्जुनी मोरगावला मावशीकडे राहायचे. गोंदियाला रोज ये-जा केली तर पोरगी बिघडेल, असं बाबांचं मत होतं. मावशीला मूलबाळ नव्हतं, हे दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नसे. स्टेशनच्या वाटेवर मावसाजींचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं.

मराठीच्या सरांनी त्या वर्षी निसर्ग आणि साहित्य असा एक पेपर शिकवायला घेतला होता. आम्ही तो घेतला, कारण त्याला पुस्तकं कमी आणि प्रकल्प जास्त होता. पहिल्याच तासाला सर म्हणाले, कवितेतली फुलं राहू द्या, तुमच्या भागातलं एक गवत नावानिशी सांगा. सगळी शेतकऱ्यांची पोरं, पण गवताला नाव असतं आणि ते वर्गात सांगायचं असतं, हे कुणाला सुचलं नाही. मी हात वर केला आणि म्हटलं, करगा. करगा म्हणजे बांधीत, धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यात, आपोआप उगवणारं रानटी धान. दिसायला हुबेहूब धान, फक्त बुडखा जांभळट आणि दाणा पिकायच्या आधीच गळून जाणारा. सरांनी विचारलं, त्याचं काय करायचं असतं? मी म्हटलं, उपटायचं असतं. वर्ग हसला, सरही हसले, आणि त्या दिवसापासून मी वर्गातली गवताची जाणकार झाले. त्याआधी मी कशाचीच जाणकार नव्हते, त्यामुळे ते माझ्या डोक्यात गेलं.

प्रकल्प ठरला गावाबाहेरच्या तलावाचा. तलावाला बेशरमचा वेढा पडला होता. गुलाबी फुलांची ती झाडी काठावरून पाण्यात शिरत चालली होती. दिवाळीच्या सुट्ट्यांना पंधरा दिवस असताना एका रविवारी आम्ही वीस-बावीस जण विळे, दोर आणि पोह्यांचे डबे घेऊन तिथे पोचलो. सर अर्ध्या पोरांना घेऊन पलीकडच्या काठाला गेले. अलीकडच्या काठाची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी जाणकार.

दुपारपर्यंत बेशरम निघाली. तिच्या मागे गुडघाभर पाण्यात गवताचा एक मोठा पट्टा होता आणि त्या गवताला गाठी मारलेल्या होत्या. आठ-दहा काड्या एकत्र धरून वरच्या बाजूला कापडाच्या चिंधीनं बांधलेल्या. अशा गाठी एक-दोन नाही, पट्टाभर. मी वाकून बुडखा पाहिला. जांभळट. म्हणजे करगा. माझा हात आपोआप तिकडे गेला. पावसाळाभर आईबरोबर निंदण केलेला हात तो. पण गाठी कशाच्या, ते कळेना. तेवढ्यात एक पोरगा म्हणाला की पाखरं पकडायचे फास आहेत. त्याच महिन्यात सरांनी आम्हाला पाणपक्ष्यांच्या शिकारीबद्दल काहीतरी वाचून दाखवलं होतं. मला एकदम सगळं लख्ख दिसलं. गवत वाईट, गाठी त्याहून वाईट.

माझ्याबरोबर चिचगडची एक मैत्रीण होती. जंगलाच्या गावातली, कमी बोलणारी. ती चिंधी बोटांत धरून उभी राहिली.

"हे फास नोहोत वाटत मले," ती म्हणाली. "आमच्याकडं फास तारेचे रायतेत. पाखरू का येडं हाय, कपड्यात अडकाले?"

"मग काय आहे?"

"का माहीत. कोनं तरी बांधलं हाय, तं कायले तरी बांधलं असन."

तेवढ्या एका वाक्यात सगळं होतं. पण मला तिचा राग आला. गाठी तिला माझ्याआधी कळू नयेत, एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं, तुझ्या जंगलातलं तू सांग, पाण्यातलं मला सांगू नको. आणि मी पहिली गाठ मुळासकट उपटली. मग सगळे तुटून पडले. तासाभरात पट्टा साफ झाला. बेशरमच्या ढिगावर आम्ही ते सगळं रचलं आणि माझ्या हातात गाठींचा एक मोठा जुडगा देऊन पोरांनी फोटो काढला. लांब कुसळांचे लालसर दाणे माझ्या ओढणीला चिकटले होते. ते मी घरी येताना वाटभर वेचून फेकत आले.

त्या आठवड्यात मी लेख लिहिला. नाव दिलं 'फास'. माणसाच्या क्रूरपणाबद्दल त्यात बरंच काही होतं आणि पाखरांचे डोळे दोनदा आले होते. एकही पाखरू मी तिथे अडकलेलं पाहिलं नव्हतं, ही गोष्ट लिहिताना मला अडली नाही. सरांनी लेख भित्तिपत्रकावर फोटोसकट लावला आणि वार्षिकांकासाठी राखून ठेवतो म्हणाले. मी येता-जाता उगाच त्या बोर्डापाशी चप्पल नीट करायला थांबायचे.

शनिवारी संध्याकाळी मावशी ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी मोबाईलवर तिला फोटो दाखवला. मावशीनं चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ आणला.

"हे माह्यं लुगडं होय," ती म्हणाली.

मला वाटलं ती माझ्या ओढणीबद्दल बोलते आहे. तिनं बोट ठेवलं ते माझ्या हातातल्या जुडग्यावर. मोरपंखी चिंध्या. त्या लुगड्याच्या उरलेल्या भागाची वाकळ मी रोज पांघरून झोपत होते.

"सप्पाच उपडलं?" तिनं विचारलं.

"हो, सगळं."

"काऊन?"

मी सांगायला लागले. फास, करगा, पाखरं. जसजशी सांगत गेले तसतसं माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मावशीनं सूप खाली ठेवलं.

"देवधान होतं ते बाई. दाना गळून जाते पान्यात, म्हनून बांधून ठेवलो होतो. पंधरा दिवसानं जाऊन झाडून आनलो असतो."

ऋषिपंचमीला मावशी एक लालसर, जाडसर भात खायची, ते मला माहीत होतं. बैलाच्या कष्टाचं काही त्या दिवशी खायचं नाही, म्हणून शेतातला तांदूळ चालत नाही. आपोआप उगवलेलं चालतं. फळीवरच्या एका पितळी डब्यात ते धान असायचं. डबा दिसायचा, भात दिसायचा, पण ते धान येतं कुठून, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. दुकानातून येत असेल, असं बहुतेक धरून चालले होते. धानवाल्याच्या घरची पोर मी, आणि धान कुठून येतं ते विचारलं नाही.

त्यात पुढच्या पंचमीला तिचं उद्यापन होतं. हे व्रत विटाळाचा दोष फेडायला बायका करतात. पाळी बंद झाली की सात सवाष्णींना देवधानाचा भात जेवू घालून ते सोडायचं. आमच्यात या व्रतावरून आधी दोन-तीनदा वाजलं होतं. पाळीचा कसला आलाय दोष, म्हणून मी तिला ऐकवलं होतं, आणि ती म्हणाली होती, तुले नसन दोष तं नको करू, मले करू दे. यंदा तिनं सात जणींपुरतं व्हावं म्हणून दुप्पट गाठी मारल्या होत्या. ते मला तिनं त्या संध्याकाळी सांगितलं नाही. मावसाजींनी सांगितलं, दुकानाची फळी लावता लावता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तलावावर गेले. आम्ही पेटवून आलेला ढीग बराचसा जळाला होता. तलावात मासेमारी करणारे एक ढिवर काका जाळं झटकत होते. मी विचारलं, हे पुन्हा येईल का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या रविवारच्या पोरांतली मी, हे त्यांना कळलं असावं.

"त्या गवतात मासोळी अंडे घालते. पाखरू घर करते," ते म्हणाले. "तुमी पाखराले वाचवाले आल्ते म्हने?"

मी पुन्हा तेच विचारलं, येईल का?

"चिखलात दाना असन तं येईन. नसन तं नाई येईन. आमाले विचारलं असतं तं बेशरम आमीबी संगं काढलो असतो."

ढिगाच्या एका कडेला तीन-चार गाठी न जळता राहिल्या होत्या. मी त्या ओढणीत चोळल्या. निम्मे दाणे पोचट निघाले. भरलेले ओंजळभर. ती ओंजळ घेऊन मी घरी आले आणि मावशीला विचारलं, हे परत तलावात पेरू का? मला वाटलं होतं, ती खूश होईल.

"मानसानं पेरलं तं ते धान झालं," मावशी म्हणाली. "देवधान कसं होईन?"

"मग ठेवून दे डब्यात."

"ओंजळभरानं सात बाया जेवतेत का? पाखराले टाकून दे."

मी चक्रावले. उपटलं ते चूक, ठीक. पण परत लावलं तर तेही चूक? सरांच्या पेपरात संवर्धनाच्या व्याख्या होत्या, त्यात लावणं हे सगळ्यात वर होतं. झाड लावा, फोटो काढा. इथं एक गवत असं होतं की ज्याला कुणी लावलं नाही हीच त्याची किंमत. आणि ज्या व्रताचा मला मनापासून राग होता, त्या व्रतामुळे ते गवत इतकी वर्षं टिकलं होतं. रागवावं कशावर आणि जपावं काय, मला काही कळेनासं झालं. दोन दिवस मी ती ओंजळ दप्तरातल्या कंपासमध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तलावावर गेले आणि रिकाम्या पट्ट्यात सगळे दाणे टाकले. घरी येऊन मावशीला सांगितलं, पाखरांना टाकलं. ती म्हणाली, बरं केलं.

सरांना मी सांगितलं की लेख खोटा आहे, काढून टाका. सरांनी डोकं खाजवलं. त्यांनी प्रकल्पाला गुण देऊन टाकले होते आणि पलीकडच्या काठावर राहिल्याचं त्यांनाही वाईट वाटत होतं. मग खरं काय ते लिही, ते म्हणाले. मी तीनदा लिहायला बसले. एकदा स्वतःला शिव्या देऊन झाल्या, एकदा परंपरेचे गोडवे गाऊन झाले, एकदा व्रताविरुद्ध लिहून झालं. तिन्ही कागद मी फाडले. वार्षिकांकात माझ्या जागी कुणाची तरी झाडांवरची कविता आली.

पावसाळा लागला, तलाव भरला, आणि रविवारी आमच्यातले पाच-सहा जण तिथे जायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही एक पाटी लावली: इथलं काहीही उपटू नये. पाटीचा परिणाम असा झाला की बेशरम पुन्हा जोमानं वाढली, कारण तिला हात लावायची कुणाची हिंमत होईना. ढिवर काका ती पाटी वाचून इतके हसले की त्यांना खोकला लागला. शेवटी त्यांनीच पाण्यात उतरून दाखवलं, हे काढा, हे ठेवा, हे आता नका काढू, मासोळी हाय. आम्ही वह्या काढून लिहून घेतलं. पुढच्या रविवारी तेच गवत ते वेगळ्या नावानं सांगायचे आणि आम्ही खोडून परत लिहायचो.

रिकाम्या पट्ट्यात हिरवी पाती आली होती. चिचगडची मैत्रीण आणि मी ती तासन्‌तास बघायचो. देवधान, करगा, की वरच्या बांधीतून वाहून आलेलं साधं धान? बुडखा काहींचा जांभळट होता, काहींचा नव्हता. माझ्या बोटांना सवयीनं उपटावंसं वाटायचं आणि मी हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. आलेलं मी टाकलेल्या दाण्यांचं होतं की चिखलात आधीच पडलेल्यांचं, हेही कळायला मार्ग नव्हता. पण दाट होतं ते अगदी मी टाकलं तिथंच.

त्या पंचमीला उद्यापन झालं नाही. डब्यात आदल्या वर्षीचं मूठभर उरलं होतं, त्याचा भात मावशीनं एकटीनं खाल्ला. एक वर्ष आणखी, ती म्हणाली. मला तिच्यासमोर बसवेना.

मग दिवाळीच्या सुमाराला मावशी गाठी मारायला निघाली. मीही मैत्रिणीला घेऊन गेले. लुगडं खोचून ती पाण्यात उतरली, दोन-चार कणसं तळहातावर घेऊन तिनं निरखली आणि तिचा चेहरा असा काही खुलला की मला रडू आलं.

"पाय वं," ती म्हणाली. "आलं ना परत? देवाचं कोनी नेत नाई."

मी चिंध्या फाडून देत राहिले. मैत्रीण माझ्याकडे पाहत होती. दाणे टाकल्याचं मी फक्त तिलाच सांगितलं होतं. परतताना ती हळूच म्हणाली, "नको सांगू. गवताले का माहीत कोनं पेरलं."

पुढचं सगळं वर्ष ते माझ्या मनात रुतून राहिलं. मी स्वतःशी वाद घालायचे: तू व्रत मानतेस का? नाही. मग पेरलेलं काय, न पेरलेलं काय? पण मावशी मानते. तिचं व्रत मला पटत नाही म्हणून तिच्या ताटात मी काहीही वाढावं का? एकदा वाटायचं, सांगितलं तर तिचं उद्यापन पुन्हा अडेल आणि त्याला जबाबदार पुन्हा मीच. एकदा वाटायचं, नाही सांगितलं तर ते तिचं फेडणं नाही, माझं झाकणं आहे. बी.ए. झालं, मी कामठ्याला परत गेले, तरी हे सुटेना.

उद्यापनाला मी आदल्या दिवशीच आले. पंचमीच्या सकाळी मावशी कांडलेलं देवधान निवडत होती. लाल तांदूळ, सुपात पसरलेला, सात जणींना पुरून उरेल एवढा. मी तिच्यासमोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. कंपास, ओंजळ, पाखरांना टाकल्याची थाप, सगळं.

मावशी निवडत राहिली. एक कुसळ, दोन कुसळं. मला वाटलं आता ती सूप बाजूला सारेल.

"पेराले बैल होता का संगं?" तिनं विचारलं.

"नाही."

"नांगर?"

"नाही."

"मंग झालं. गाढव होतं. गाढवाच्या मेहनतीचं चालते." आणि तिनं सूप माझ्या हातात दिलं. "धू."

मी हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. दोन वर्षांचं ओझं तिनं चार शब्दांत उतरवलं होतं. मी तांदूळ धुतला, चूल फुंकली, पत्रावळी मांडल्या. शेजारच्या सात बायका आल्या. भात लाल, चिकट आणि किंचित गोड झाला होता. मावशीनं सगळ्यांना आग्रह करकरून वाढला. आठवी पत्रावळ माझी. तिच्यावर तिनं सगळ्यांपेक्षा मोठा ढीग घातला आणि म्हणाली, खा, तुह्याच हातचं हाय. बायकांना वाटलं, मी रांधला म्हणून ती तसं म्हणते.

त्या गेल्यावर मी मावशीला जेवायला वाढायला घेतलं. भाताचं भांडं उचललं तर तिनं पत्रावळीवर आडवा हात धरला. तिच्या पानात नुसती पंचमीची भाजी होती, तलावाच्या काठावर आपोआप उगवलेली कंदमुळं आणि अळू. भांड्यात दोघींना पुरेल एवढा भात शिल्लक होता.

"मावशी, भात?"

"मले भूक नाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता भाजी खायला लागली.